गोविंदाची हजेरी

बांध फुटला त्या वर्षी आमच्या खारेपाटात भाताचं एक कणीस घरी आलं नाही. श्रावणातल्या उधाणाला बांधाला खांड पडली. दोन हातांची खांड बघता बघता वीस हातांची झाली आणि खाडीचं खारं पाणी उभ्या भातात येऊन बसलं. दिवाळीनंतर जमीन सुकली तेव्हा तिच्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरला होता. असल्या जमिनीत पुढची दोन-तीन वर्षं काही होत नाही. पेणला बाजारात गेलो की दुकानदार आधी पिशवीकडे बघायचे, मग तोंडाकडे.

माघात सरकारनं खांड भरायचं काम रोजगार हमीवर काढलं. पत्र्याचा एक बोर्ड लागला. सातवीपर्यंत शिकलेली मी, मोठ्यानं वाचून दाखवला: मागेल त्याला काम, स्त्री-पुरुष समान मजुरी. जगन हसला. जगन म्हणजे माझा नवरा. मी मालू. ही गोष्ट माझी नाही, आमच्या शेजारच्या चंद्रावतीची आहे. पण मी तिथंच होते आणि तोंडाला कुलूप लावून होते, म्हणून सांगायला बसले.

आमच्याकडे मातीकाम जोडीनं चालतं. दोरीनं आखून दिलेला चौकोनी खड्डा, त्याला चौकडी म्हणायचं. एका जोडीला एक चौकडी. पुरुषानं कुदळीनं माती काढायची, बाईनं घमेल्यात भरून डोक्यावरून बांधावर नेऊन टाकायची. पंधरा दिवसांनी साहेब टेप लावून चौकडी मोजणार आणि पगार होणार. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, माझं नाव वेगळं होतं, सहीसुद्धा मीच करायची, पण पैसे जायचे जगनच्या खिशात. सगळ्याच बायकांचं तसं. त्यात वेगळं काही आहे असं तेव्हा कोणाला वाटत नव्हतं.

आणि बांधावर बाईनं कुदळ धरायची नाही. का, ते मला विचारू नका. बाईची कुदळ लागली की बांध फुटतो म्हणे. श्रावणात फुटला तो कुठल्या बाईच्या कुदळीनं, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी चंद्रावती कुदळ, फावडं, घमेलं सगळं घेऊन आली. जनू मुकादमानं मस्टरवरून डोकं वर केलं.

"जोडी कुठाय?"

"मी हाय ना," चंद्रावती बोलली.

"तू हायस गो. जोडी कुठाय? कुदळ कोन मारनार?"

"मीच."

माणसं खो खो हसली. जनूनं पुढचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आमच्या चौकड्या ढोपरभर खोल गेल्या तरी ती बांधावर उन्हात बसून राहायची आणि दुपारी घमेलं उचलून घरी जायची. एका म्हाताऱ्यानं तिच्याबरोबर जोडी करायची तयारी दाखवली, तर त्याच्या सुनेनं भर रस्त्यात तमाशा केला. नवरा जिता असलेली बाई परक्या पुरुषाच्या खड्ड्यात कशी उतरते, असं तिचं म्हणणं.

तर हा जिता नवरा. त्याचं नाव गोविंदा. सहा वर्षांपूर्वी तो नागोठण्याला कंपनीत ठेकेदाराकडे कामाला लागला. पहिली दोन वर्षं गणपतीला आणि शिमग्याला यायचा. मग यायचा थांबला. जगननं त्याला नागोठण्याच्या एस्टी स्टँडवर बघितला होता, कडेवर पोर आणि बाजूला एक बाई. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण चंद्रावतीला कोणी विचारलं तर ती बोलायची, "शिफ्ट बदलून देत नाय त्याला." चार वर्षं तेच एक वाक्य. आणि आम्हीही, "व्हय गो, कंपनीचं तसंच असतं," असं बोलून पुढं जायचो.

तिच्या घरात दुसरं माणूस म्हणजे सासू, धोंडुबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अंगणात सावली हलली की म्हातारी विचारायची, "गोविंदा काय रं?" आमचं आणि त्यांचं घर एका कुडाचं, मधे फक्त शेणानं सारवलेल्या कारव्या. त्या घरातलं बोलणं मला रोज ऐकू यायचं, ऐकायचं नसलं तरी.

पाचव्या दिवशी जनू मुकादमालाच दया आली, का त्याला काही सुचलं, देव जाणे.

"चंद्रावती, असं करू. तुज्या नवऱ्याचं नाव लिवतो. गोविंदा काळुराम. तुमची जोडी झाली. कुदळ त्याची, घमेलं तुजं. शिफ्टवरनं सुटला का येल तो कामाला, व्हय ना?"

बोलताना त्यानं माणसांकडे बघून डोळा मारला. मला वाटलं, आता ही घमेलं त्याच्या डोक्यात घालते. चंद्रावती खाली बघत उभी राहिली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग बोलली, "लिवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी जनूनं हजेरी घेतली. "गोविंदा काळुराम."

 जनूनं पुन्हा पुकारा केला, "गोविंदा काळुराम!"

"हाय," चंद्रावती बोलली.

माणसांना हसून हसून खोकला आला. जगन तर खाली बसला. पण मी तिचं तोंड बघत होते. खोटं कशाला सांगू, तिला ते बरं वाटलं होतं. चार वर्षांत त्या माणसाचं नाव कोणी चारचौघांत मोठ्यानं घेतलं नव्हतं, तिच्या नावाच्या शेजारी तर नाहीच. दुसऱ्या दिवसापासून ती कुंकू मोठं लावून यायला लागली.

आणि रीतसुद्धा मोडली नाही बघा. मस्टरवर कुदळ गोविंदाची. चौकडीत कुदळ मारत होती ती चंद्रावती, पण ते बघायचं नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

चिखलवट माती वरून सुकलेली, आत चिवट. कुदळ मारली की अडकून बसायची, मग दोन्ही हातांनी उपसून काढायची. उन्हं चढेस्तोवर चंद्रावती खणायची. मग कुदळ टाकायची, डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि स्वतःच काढलेली माती स्वतःच वाहायची. आम्हा बायकांना घमेलं उचलून द्यायला नवरा असायचा. तिला कोण देणार? ती भरलेलं घमेलं आधी मांडीवर घ्यायची, मग खांद्यावर, मग मान वाकडी करून डोक्यावर. तिच्या हातांना फोड आले, फुटले, मिठाच्या मातीनं चरचरले. तिनं पायाला चिंध्या बांधल्या, हातांना बांधल्या. आठ दिवसांनी तिच्या चालण्यात फरक पडला. उजवा खांदा खाली गेला तो खालीच.

जगन आपल्या खड्ड्यातून हाक मारायचा, "काय गोविंदाशेट, आज लय खनताव! रात्री झोप लागली नाय वाटतं?"

माणसं हसायची. मी पण हसायचे. हसले नाही तर जगन घरी गेल्यावर विचारायचा, तुला काय झालं.

पहिल्या पगाराला टेप लागली तेव्हा तिची चौकडी आमच्या चौकडीइतकीच भरली, वीतभरच कमी. जनूनं तिच्या हातावर तिच्या नावाचे पैसे ठेवले. ती तशीच उभी राहिली.

"आनि त्याचं?"

"त्याचा अंगठा पायजे ना गो. सरकारी काम हाय. गोविंदाला घेऊन ये, देतो. तोवर जमा हाय."

कुठं जमा, ते जनूलाच ठाऊक. चंद्रावतीनं पैसे पदराला बांधले. काय बोलणार? रोज सकाळी 'हाय' तीच बोलत होती. दोन माणसांचं काम केलं आणि एका माणसाचं घेऊन घरी गेली. दुसऱ्या पगारालाही तेच झालं. घरात तांदळाची कणी राहिली होती. तिची पेज मी वासावरून ओळखायचे. एकदा वाटीभर डाळ घेऊन गेले, तर बोलली, "असूं दे मालू, हाय घरात." मी वाटी परत घेऊन आले. आग्रह केला नाही. आमच्याही डब्यात तळच दिसत होतं.

ही गोष्ट इथवर राहिली असती तर चालून गेली असती. पण गावात तोंडं काय कमी आहेत? कोणीतरी विहिरीवर बोललं, बांधावर गोविंदाचं नाव पुकारतात. ते फिरत फिरत धोंडुबाईच्या कानावर गेलं. पण पोचेपर्यंत त्यातलं मस्टर गळून पडलं होतं. म्हातारीला एवढंच कळलं, की गोविंदा बांधावर कामाला आहे.

फाल्गुनातली दुपार. ऊन असं की कुदळीचा दांडा पोळायचा. ओहोटी होती, खाडीचा चिखल उघडा पडून वास मारत होता. आणि बांधावरून धोंडुबाई येताना दिसली. काठीनं चाचपत, एकेक पाऊल टाकत. काखेला फडक्यात बांधलेलं काहीतरी. घरापासून बांध पाऊण कोस. ती कशी आली, कोणाला धरून आली, मला अजून कळलेलं नाही.

"गोविंदा!" ती ओरडली. "अरं गोविंदा!"

सगळ्या कुदळी थांबल्या. म्हातारी बांधाच्या कडेला येऊन उभी राहिली आणि खाली खड्ड्यांकडे तोंड करून बोलायला लागली. तिला खड्डे दिसत नव्हते, माणसं दिसत नव्हती.

"अरं, कामाला येतोस नि घरी येत नायस? माज्यावर रागावलास काय? भाकर आनली तुला. सुकट भाजली हाय. ये वर."

कोणी हललं नाही. जगननं कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकली आणि दुसरीकडे बघायला लागला. जनू मुकादम मस्टर मिटून झाडाखाली गेला. चंद्रावती चौकडीत ढोपराएवढ्या मातीत उभी होती. तिचं तोंड मला दिसत होतं. ते बघण्यापेक्षा माझ्या डोक्यावरचं घमेलं पायावर पडलं असतं तर बरं झालं असतं.

ती वर चढली. पदराला हात पुसले.

"आई, तो आताच गेला. दुपारची शिफ्ट हाय त्याची."

"गेला? आन् मला भेटला नाय?"

"गाडी चुकली असती. द्या, मी देईन त्याला."

"त्याला सांग, घरी ये."

"सांगते."

"सांगशील ना गो?"

"सांगते, आई. चला, मी पोचवते तुमाला."

"नको. तू काम कर. त्याच्या वाटचं पन कर, दमत असंल तो."

म्हातारीनं फडकं तिच्या हातात दिलं आणि काठी फिरवली. मी घमेलं खाली टाकलं आणि तिचा हात धरून तिला घरी नेलं. वाटभर म्हातारी गोविंदाचं लहानपण सांगत होती. परत आले तेव्हा चंद्रावती आपल्या चौकडीत, मातीच्या भिंतीला तोंड करून उभ्या उभ्या ती भाकर खात होती. दोन दिवसांची भूक असल्यासारखी खात होती आणि तिचे खांदे हलत होते. मी घमेलं उचललं आणि पुढं गेले. त्या दिवसापासून जगननं तिला 'गोविंदाशेट' म्हणणं सोडलं.

पुढच्या आठवड्यात जीप आली. जिल्ह्याहून एक बाई आल्या होत्या, नमिता मॅडम म्हणायचे त्यांना. सरकारनं बायकांसाठी नवीन धोरण काढलंय, ते कामावर कसं पोचतंय ते बघायला आल्या होत्या. जीप गावातच ठेवून बांधावरून चालत आल्या, चपला चिखलानं भरलेल्या. मागं आमच्या पंचायतीची बाई मेंबर गिरजाबाई. पदर नाकापर्यंत. तिच्या जागेवर मीटिंगला तिचा मुलगा बसायचा, पण आज मॅडमनी तिलाच बोलावलं होतं; तो नुसता मागून आला होता.

मॅडमनी मस्टर घेतलं आणि खूश झाल्या. "वा! निम्मे पुरुष, निम्म्या स्त्रिया. दर सारखा. असं मस्टर मला सगळ्या तालुक्यात दिसलं नाही."

जनू हात चोळत हसला.

मग त्या एकेक नाव वाचून माणूस बघायला लागल्या. चंद्रावतीच्या चौकडीपाशी आल्या. "गोविंदा काळुराम?"

"तंबाखू आनायला गेला, म्याडम," जनू बोलला. "आत्ता येल."

मॅडमनी खड्ड्यात बघितलं. एक कुदळ, एक घमेलं. चंद्रावतीच्या हातांना चिंध्या, चिंध्यांतून दिसणारे घट्टे. घमेलं वाहणाऱ्या बाईच्या तळव्याला असे कुदळीचे घट्टे पडत नाहीत, हे त्यांना कळत होतं. त्या खाली बसल्या, बांधाच्या कडेला, साडीसकट मातीत.

"बाई, ही चौकडी कोणी खणली?"

चंद्रावतीनं हात पदराखाली घेतले.

"तुमचे मिस्टर कुठे आहेत?"

"शिफ्टला हाय," एक जण मागून बोलला.

"मी यांना विचारलं." मॅडमचा आवाज चढला नाही, पण मागचा गप्प झाला. "हे बघा बाई. बोर्डवर 'मागेल त्याला काम' लिहिलंय, 'मागेल त्या जोडीला' नाही. एकट्या बाईला एकटीची चौकडी मिळायला हवी. पैसा त्यासाठी आलेला आहे, सरकारकडून निघतो आणि इथं पोचताना असा वाटेत अडकतो. मिस्टरांच्या नावाची सगळी मजुरी तुम्हाला मिळेल. पण तुम्हाला लिहून द्यावं लागेल. नवरा या कामावर एकही दिवस नव्हता, तो तुमच्याजवळ राहत नाही. सगळं काम तुम्ही केलंत."

म्हणजे आता हे तिनं बोलायचं होतं. त्या सगळ्यांसमोर. जे चार वर्षं आम्हाला ठाऊक होतं, आणि आम्हाला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं, पण बोललं जात नव्हतं म्हणून ती गावात नवऱ्याची बायको म्हणून वावरत होती, हळदीकुंकवाला पहिल्या ओळीत बसत होती. नाही बोलली तर पैसे गेले, आणि उद्यापासून पुन्हा दोघांचं काम, एकाची मजुरी. बोलली तर गोविंदा गेला, उरलासुरला.

जनू बोलला, "म्याडम, घरातली भानगड हाय ती, आपन कशाला..."

"तो नाय," चंद्रावती बोलली.

आवाज एवढा बारीक, की मॅडम पुढं वाकल्या.

"तो नाय इथं. कदीच नव्हता. नागोठन्याला त्यानं दुसरं घर केलंय, पोर हाय त्याला. चार वर्सं झाली. मला सोडलंय त्यानं." मग ती आमच्याकडे वळली आणि मोठ्यानं बोलली, "ऐकलंत ना सगल्यांनी? सोडलंय मला. ही माती सगली मी खनली. मी एकटीनं. कुदळ पन मीच मारली."

मॅडमनी कागद लिहिला, वाचून दाखवला. चंद्रावतीनं अंगठा केला. साक्षीला गिरजाबाईचा अंगठा हवा होता. तिनं मुलाकडे बघितलं, तो मान हलवत होता, नको म्हणून. गिरजाबाईनं पदरातून हात बाहेर काढला आणि अंगठा केला. आपण कशावर अंगठा करतोय हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. मॅडमनी लाल पेनानं मस्टरवरच्या गोविंदाच्या नावावर आडवी रेघ मारली आणि त्याच्या नावाचे 'जमा' पैसे जनूला तिथंच चंद्रावतीच्या हातावर मोजायला लावले.

मग त्या उठल्या, साडी झटकली आणि आम्हा बाकीच्या बायकांना बोलल्या, "आणखी कोणाला आपली मजुरी आपल्याच हातात हवी आहे? आत्ता सांगा. मी आत्ता लिहून घेते."

चाळीस बायका होतो आम्ही. मॅडमची नजर माझ्यावर येऊन थांबली, मी पुढं होते म्हणून. जगन माझ्याकडे बघत नव्हता, कुदळीला लागलेली माती बोटानं काढत होता. मी नाही म्हणून मान हलवली. मागं कोणाचाच हात वर झाला नाही. मॅडम थोडा वेळ थांबल्या, मग निघाल्या. चंद्रावती एकटीच चौकडीत उतरली आणि कुदळ मारायला लागली. भरती यायला तासभर होता, तेवढ्यात होईल तेवढं करायचं होतं.

संध्याकाळी मी चुलीपाशी होते. जगन हात-पाय धुऊन भिंतीला टेकून बसला होता. कुडापलीकडे चंद्रावती दुकानावरून आली, कुदळ कोपऱ्यात टेकवल्याचा आवाज आला. बातमी तिच्या आधी घरी पोचली होती.

"माज्या पोराचं नाव खोडलंस?" धोंडुबाई बोलली.

"व्हय."

"त्या बाईनं खोडलं, का तू?"

"मी खोडायला लावलं, आई. तो नव्हताच कामाला. तुमी भाकर आनली तवा पन नव्हता. ती मी खाल्ली."

 मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं, जाळ कमी केला, ऐकू यावं म्हणून.

"येनार नाय तो?"

"नाय."

"कदीच?"

"कदीच नाय, आई."

म्हातारी रडली नाही. मला वाटलं होतं, छाती बडवेल, शिव्या घालेल. काठी आपटल्याचा आवाज आला, मग ती थांबली. मग भांड्यांचा आवाज. चंद्रावती वाढत होती. आज खरा भात होता, कणी नव्हती. वासावरून कळलं.

"मी नाय जेवनार," धोंडुबाई बोलली. "तो तुजा नाय, तर मी तुजी कोन? कोनच्या नात्यानं खाऊ तुज्या घरचा भात?"

"नात्याचं मला नाय कळत," चंद्रावती बोलली. आवाज थकलेला होता, राग नव्हता त्यात. "तांदूळ माजे हायत. मी कमावले हायत. माज्या तांदळाचा भात मी तुमाला वाढलाय. खावा."

नंतर ताटाचा आवाज. हळूहळू, थांबत थांबत, पण म्हातारी जेवत होती.  त्या घरात त्यानंतर कधी कोणी 'गोविंदा काय रं' असं विचारलेलं मी ऐकलं नाही.

"काय ऐकत बसलीस गो?" जगन बोलला. "वाढ ना."

माझ्याही चुलीवर भात होता. तो ज्या मजुरीचा, तिच्यातली निम्मी मी डोक्यावरून माती वाहून कमावली होती, मानेत कळ अजून होती. तांदूळ माझे आहेत, हे एवढंसं वाक्य. मी ते तोंडात धरलं, जिभेवर फिरवून बघितलं, आणि मला भीती वाटली.

मी उठले आणि त्याला भात वाढला.